लिखाण सोबत न्यायचं तर घड्याळ बघून ठिकाण निवडा

परदेशातल्या सुट्टीत लिखाण खरंच होतं का, असा प्रश्न पडतो. होतं. आम्ही व्हिएतनामला होई आनमध्ये दहा दिवस होतो, सोबत माझ्या कादंबरीचा दुसरा खर्डा. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. सकाळी सहाला लिहायला बसलं की भारतात साडेचार वाजलेले. तिथल्या साडेदहापर्यंत इथून कुणाचा फोन येत नाही. घरची मंडळी झोपलेली, समोर पत्र्याच्या फिनमधून, म्हणजे तिथल्या कॉफीच्या गाळणीतून, थेंबथेंब गळणारी कॉफी. पुण्यात महिनाभर अडलेलं प्रकरण त्या शांततेत सुटलं. दुपारी मात्र वही बंद. थू बोन नदीकाठी फिरायचं ते मनापासून; बाबाचं अर्धं लक्ष मजकुरात आहे हे मुलांना लगेच कळतं, आणि ते मला फार लागतं.

मानधनाचं काम नेणार असाल तर व्हिसाचे नियम आधी वाचा. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना परदेशातल्या मालकासाठी ऑनलाइन काम करायची मुभा दिली आहे. सगळीकडे ती नसते. आणि कोरं पान नेऊ नका, पुनर्लेखनच न्या.