मदत हवी आहे: माळ घातल्यावर सुटलेली दारू आकड्यांत कशी मांडू?

नमस्कार मंडळी, मी जळगावला सायकॉलॉजीत एमए करतेय, विषय व्यसन आणि अध्यात्म. आमच्या मुक्ताईनगरकडे माळ घातली की बरेच जण दारू सोडतात, तेच मोजतेय. टाइमलाइन फॉलोबॅक वापरलंय, म्हणजे कॅलेंडर समोर ठेवून मागच्या 30 दिवसांत कधी किती घेतली ते विचारायचं, दर 3 महिन्यांनी. पण ज्यांची परत सुरू झाली ते लाजेपायी भेटतच नाहीत, एका काकूंनी दारातूनच सांगितलं "ते घरी नाहीत" आणि आत खाटेवर पाय दिसत होते. त्यांना वगळलं तर रिझल्ट खोटाच चांगला येणार, ते मला नकोय. रिपीटेड मेजर्स अनोव्हा (त्याच माणसांच्या वेळोवेळच्या मोजमापांची तुलना करणारी चाचणी) अर्धवट डेटावाल्यांना बाहेरच काढतं, म्हणून मिक्स्ड मॉडेल बघतेय, जे प्रत्येकाच्या मिळाल्या तेवढ्या नोंदी वापरतं, पण ही माणसांची गळती पिण्यामुळेच असेल तर तेवढ्याने भागतं का? पॅटर्न मिक्स्चर मॉडेल (कोण कधी गळलं त्यावरून गट पाडून हिशेब करायची पद्धत) आर (R) या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी चालवलंय का, प्लीज सांगा.