रि: रि: रि: भाच्याचं फायनान्सचं ॲडमिशन, शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत

लातूरकर, सोमवार रात्री

मंडळी नमस्कार,

भाच्यासाठी विचारायलोय, तोच तो, मागच्या दिवाळीच्या कॉलवर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोत्यावर बसून सगळ्यांना नमस्कार घातलेला. नांदेड विद्यापीठाचं एम.कॉम. संपत आलंय त्याचं, कॉलेज लातूरलाच. इथल्या, अमेरिकेतल्या, दोन युनिव्हर्सिट्यांतून ॲडमिशन आलीय, एकीकडे साधं एमएस फायनान्स आणि दुसरीकडे क्वांटिटेटिव्ह फायनान्स. शुक्रवार रात्रीपर्यंत एकीकडं डिपॉझिट भरायचं आणि ते परत मिळत नाही. बँकेनं शेती तारण घेतली नाही, शेवटी दाजींनी राहतं घर लावलं, त्यामुळं माझीच झोप उडालीय.

अडचण एकच आहे. क्वांटवाला स्टेममधे, म्हणजे सायन्स-गणिताच्या सरकारी यादीत, आहे म्हणे, म्हणजे शिकून झाल्यावर तीन वर्षं काम करता येतं, साध्यावाल्याला एकच. पण पोराचं गणित म्हणजे, बारावी २०२१ ची, कोरोनात बोर्डाची परीक्षाच झाली नाही, त्याच्यावर बी.कॉम. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी सातवीत होता, हुशार आहे हो, पण इंटिग्रेशन म्हटलं की गप्प होतो. कुठं भरू सांगा.

---

परभणीकर, सोमवार रात्री

मामा, याच्यात विचार करण्यासारखं काय आहे? साध्या फायनान्सचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी नंबर, ५२.०८०१, तो स्टेमच्या यादीत नाही. फायनान्शियल मॅथेमॅटिक्सचा २७.०३०५, तो आहे. ओपीटीचे, म्हणजे शिकून झाल्यावर काम करायच्या परवानगीचे, १२ महिने दोघांनाही मिळतात, वरचे २४ फक्त यादीवाल्याला. त्या १२ महिन्यांतही ९० दिवस बिननोकरीचे भरले की घरी. घर तारण ठेवून आलेल्या पोरानं एका वर्षाच्या भरवशावर यायचं नसतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत एकदाच नाव टाकायचं का तीन-चार वेळा, एवढाच हिशोब. क्वांट घ्या. गणित शिकता येतं, व्हिसा शिकता येत नाही. आणि कुणी ट्रॅक बदला, स्पेशलायझेशन बदला म्हणेल तर ऐकू नका, ट्रॅकनं काही फरक पडत नाही, कोड डिग्रीचा असतो.

---

अंबाजोगाईकर ताई, मंगळवार सकाळी

परभणीकर, तुमचं अर्धंच बरोबर आहे. माझ्या भाचीच्या डिग्रीवर नाव साधं एमएस फायनान्सच आहे आणि आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर, कोड २७.०३०५, कारण तिच्या युनिव्हर्सिटीनं कोर्स तसा नोंदवलाय. लातूरकर, नावावर जाऊ नका, दोन्हीकडं मेल टाकून कोडच विचारा, तिथलं परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस एका दिवसात उत्तर देतं. इथं बसून आपण अंदाज कशाला करायचा.

दुसरं गणिताचं. ते शिकता येतं हे म्हणायला सोपं आहे. आमची पोरगी बी.कॉम., पहिल्याच सेमला स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस, ब्राऊनियन मोशन असलं वरचं गणित, रोज रात्री मला फोन आणि रडणं. पास झाली, नाही असं नाही. पण पहिलं वर्ष गेलं रडण्यात, समर इंटर्नशिपचे अर्ज ऑक्टोबरमधे भरायचे असतात ते राहून गेले. आता एका कंपनीच्या ट्रेझरीत आहे, दिवसभर एक्सेल, रोज कुठल्या खात्यात किती कॅश पडलीय ते बघायचं. ब्राऊनियन मोशन परत दिसलं नाही तिला.

---

उदगीरकर काका, मंगळवार दुपारी

ताईंचं वाचलं. पोरीला रडवणारं शिक्षण काय कामाचं.

आमच्या वडिलांच्या वेळी निजामाचं राज्य, व्यवहार निजामाच्या हाली सिक्क्यात. माल सोलापूर-बार्शीकडं गेला की पैसे कलदारात, म्हणजे इंग्रजांच्या रुपयात, यायचे, इकडं हमालीतोलाई हालीत. सात हालीचे सहा कलदार. वडील शिकलेले चौथी, पण पट्टी, म्हणजे मालाचा हिशोब, करताना सातास सहा मनातच करायचे आणि वर व्याज लावायचे. याला आता तुम्ही करन्सी रिस्क म्हणता. पोराला तिथंच सीए करू द्या, तीन वर्षं आर्टिकलशिप केली की जन्माची भाकरी. इथं येऊन कर्ज कशाला?

---

बीडकर, मंगळवार दुपारी

काका, आर्टिकलशिप आता दोनच वर्षांची झालीय, नवी स्कीम २०२३ ला आली. आणि सीए होऊन इकडं आलं तरी सीपीएसाठी, म्हणजे इथल्या सीएसाठी, परत क्रेडिटांचा घोळ असतोच, माझ्या जावेनं तीन वर्षांची बी.कॉम. घेऊन दोनदा इव्हॅल्युएशन केलं.

कुणी विचारलं नाही पण सांगते, ॲक्चुरियल सायन्सचा, म्हणजे विम्याच्या गणिताचा, कोडही यादीत आहे. त्याच्या पी आणि एफएम या दोन परीक्षा डिग्री चालू असतानाच देता येतात. पण प्रोबॅबिलिटी पक्की पाहिजे, त्यामुळं बहुतेक तिथंही तेच रडणं.

---

नांदेडकर, करिअर मार्गदर्शन कमिटी, मंगळवार संध्याकाळी

सर्व सभासदांना विनंती. असे प्रश्न आधी कमिटीकडं यायला पाहिजेत म्हणून आपण सर्वसाधारण सभेत ठरवलं होतं, फॉर्मही आहे. प्रत्येकानं आपापल्या भाचीवरून सल्ला दिला तर कमिटी कशाला नेमली? मागच्या संक्रांतीच्या वेबिनारमधे फायनान्सच्या सगळ्या शाखा मी सव्वा तास समजावून सांगितल्या होत्या.

---

परभणीकर, मंगळवार संध्याकाळी

त्यातली चाळीस मिनिटं तुम्ही म्यूटवर होता.

---

लातूरकर, मंगळवार रात्री

नांदेडकर रागावू नका, फॉर्म भरतो, पण त्याच्यात "उत्तर दहा दिवसांत" लिहिलंय आणि माझ्याकडं तीन आहेत.

ताईंच्या सांगण्याप्रमाणं भाच्याला दोन्हीकडं मेल टाकायला लावलाय. रात्री बोलणं झालं, तिथं ४२ डिग्री, सकाळी हरभऱ्याची आवक होती, अडतीवरच बसला होता. मी म्हणलं तुला नेमकं काय करायचंय? इन्व्हेस्टमेंट बँकिंग का कॉर्पोरेट फायनान्स का काय? तर म्हणे मामा ते जाऊ द्या, मला एक सांगा, शिकागोत सोयाबीन पडलं की दुसऱ्या दिवशी आपल्याकडं पडतं, पण तिकडं चढलं की आपल्याकडं कामून चढत नाही? मला काही सांगता आलं नाही. मी आपला सॉफ्टवेअरवाला.

---

परभणीकर, मंगळवार रात्री उशिरा

मामा, हा प्रश्न त्याला कुणी शिकवला? का स्वतःचा आहे? स्वतःचा असेल तर मी काल जे लिहिलं ते थोडं मागं घेतो.

मी इकडं आलो तेव्हा पहिली नोकरी शिकागोत धान्याच्या कंपनीत, रिस्कच्या टेबलावर. सोयाबीनचा एक वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा, ५,००० बुशेलचा, साधारण १३६ टन, म्हणजे आपले १,३६० क्विंटल. पहिल्या आठवड्यात मला हे क्विंटलमधे करून बघावं लागलं, त्याशिवाय डोक्यातच बसेना. आणि पहिली गोष्ट शिकवली ती बेसिस, म्हणजे गावातला रोख भाव आणि शिकागोचा वायदा यांच्यातला फरक. सगळा धंदा त्या फरकात आहे, भावात नाही.

आता त्याचा प्रश्न. आपल्याकडं बाहेरून सोयाबीनचं बी सहजासहजी येत नाही, तेल येतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आयातीचं. म्हणून लातूरचा भाव दोन दोऱ्यांना बांधलेला, एक तेलाची आणि एक पेंडीची, डीओसीची. क्विंटलभर गाळलं तर तेल अठरा-एकोणीस किलो, बाकी बहुतेक पेंडच. सप्टेंबर २०२४ ला सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं, सगळे म्हणाले आता भाव पेटणार. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यात सौदे त्याच्या कितीतरी खाली होत होते, दाजींना विचारा. कारण पेंडीला गिऱ्हाईक नव्हतं. मग मे २०२५ च्या शेवटी तेच शुल्क १६.५ वर आणलं. म्हणजे शिकागो चढून तुमच्या हाताला काय लागणार ते मधल्या शुल्कावर, डॉलरवर आणि पेंडीवर ठरतं, आणि पडायचं असलं की व्यापाऱ्याला शिकागोचं निमित्त पुरतं. (हे शेवटचं पुस्तकात नाही.)

वर हेज करायची, म्हणजे वायद्यानं भाव आधीच बांधून घ्यायची, सोय राहिली नाही. सेबीनं २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनसकट सात मालांचे वायदे थांबवले आणि मुदत वाढवतच राहिले. तुरीचे तर २००७ पासून बंद. अडत्याच्या पोराला धोका रोज दिसतो पण तो कुणाच्या गळ्यात बांधायची सोय नाही, अशी ही अवस्था आहे.

या कामाला ब्राऊनियन मोशन लागत नाही. रिग्रेशन लागतं, थोडं पायथन लागतं, आणि ओला माल कसा दिसतो हे माहीत असलेला माणूस लागतो, तो फार मिळत नाही. कमोडिटी रिस्क म्हणतात याला. धान्याच्या कंपन्या, तेलगिरण्या, वीज कंपन्या, सगळीकडं असतं. क्वांट डिग्रीवाले बँकांच्या मॉडेल व्हॅलिडेशनमधे जातात, तिथं पगार बरा, आपली पोरं भरपूर, पण दुसऱ्यानं केलेलं मॉडेल तपासत बसायचं, या पोराला ते मानवंल असं वाटत नाही.

काका, तुमचं हालीचं आवडलं. १० मार्च २०२३ ला कॅलिफोर्नियात ती सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ना, ती काही अवघड गणित चुकून नाही. लांब मुदतीचे बाँड घेऊन बसले, व्याजदर वाढले, बाँडची किंमत पडली, ठेवीदार एकदम दारात. २०२२ मधे बरेच महिने त्यांच्याकडं रिस्कचा मुख्य माणूसच नव्हता. तुमच्या वडिलांनी चौथी शिकून ओळखलं असतं.

तरीपण कोडचा प्रश्न उरतोच. ५२.०८०१ वर येऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

---

मॉडरेटर, बुधवार सकाळी

विषय सोडून चर्चा वाढतेय. १ मेच्या पिकनिकची यादी अर्धी रिकामी आहे, पुऱ्या कुणी आणायच्या आणि आमरस किती, हे कृपया त्या मेलवर लिहा, इथं नको.

---

बीडकर, बुधवार सकाळी

पुऱ्या मी आणते, पण मागच्या वर्षीसारखं शंभर म्हणून अडीचशे माणसं आली तर जबाबदारी माझी नाही.

परभणीकर, "ओला माल कसा दिसतो हे माहीत असलेला माणूस" हे रेझ्युमेत कसं लिहायचं ते पण सांगा. रिक्रूटर काय बघतो? कोर्सचं नाव, इंटर्नशिप आणि सीएफएची लेव्हल वन.

---

परभणीकर, बुधवार दुपारी

लिहायचं की, "घरच्या धान्य व्यापारात पाच वर्षं रोजची खरेदी-विक्री आणि पट्टी". मी तेवढ्या एका ओळीवर माणूस मुलाखतीला बोलावलाय. सीएफए चांगलंच आहे, पण ते शेअर-बाँडवाल्यांचं. रिस्कवाल्यांची परीक्षा एफआरएम, दोन पेपर. पण दोन्हींचं आताच कशाला?

---

लातूरकर, गुरुवार सकाळी

उत्तरं आली. क्वांटवाल्याचा कोड २७.०३०५ हे बरोबर निघालं, पण त्यांनी लिहिलंय की लिनिअर अल्जेब्रा, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि प्रोबॅबिलिटी तिन्ही ऑगस्टच्या आत ट्रान्सक्रिप्टसकट पाहिजेत. म्हणजे चार महिन्यांत तीन विषय, तिकडं एम.कॉम.ची परीक्षा चालू असताना.

साध्या फायनान्सचा ५२.०८०१. पण त्यांनी खाली एक ओळ टाकलीय, फायनान्शियल ॲनालिटिक्सचा ट्रॅक आताच घेतला तर त्याचा कोड वेगळा लागतो, ३०.७१०४, आणि तो स्टेमच्या यादीत आहे. हे आय-२० काढायच्या आधी सांगायचं, नंतर बदलायचं तर नवा अर्ज. त्याला उन्हाळ्यात स्टॅटिस्टिक्सचा एकच ब्रिज कोर्स, ऑनलाइन.

परभणीकर, तुम्ही म्हणला होता ट्रॅकनं काही फरक पडत नाही.

---

अंबाजोगाईकर ताई, गुरुवार सकाळी

मी काही बोलत नाही.

---

परभणीकर, गुरुवार सकाळी

कोड डिग्रीलाच असतो. त्यांनी तो ट्रॅक वेगळा प्रोग्रॅम म्हणून नोंदवला असणार. तरी ताई, मानलं. मामा, तीच ओळ त्यांच्याकडून मेलवर परत पक्की करून घ्या, आय-२० हातात आला की पहिला कोड बघा, मग व्हिसाची तारीख. एकदा एकाचा चुकीचा छापला होता, पोराला पास व्हायच्या महिनाभर आधी कळलं.

---

लातूरकर, गुरुवार रात्री

भरलं. ॲनालिटिक्सचा ट्रॅक. दाजींना कोड समजावून सांगत होतो तर म्हणाले ते तुमचं तुम्ही बघा, मला एवढंच सांगा की पोरगं भावातच काम करणार ना, मग ठीक. आणि सोयाबीनच्या पेरणीच्या आधी गोदाम रिकामं करून जा म्हणावं.

परभणीकर, भाच्याला तुमचा नंबर देऊ का? बेसिस कसा लिहून ठेवायचा विचारायलाय, चार वर्षांच्या पट्ट्या आहेत त्याच्याकडं वहीत.

---

परभणीकर, गुरुवार रात्री

द्या. वहीचे फोटो काढून पाठव म्हणावं, तारीख आणि ओलावा लिहिलेला असेल तर पहिल्यांदा तेच. रविवारी सकाळी फोन करू दे, शनिवारी मी पिकनिकच्या खुर्च्या आणायलोय.

---

नांदेडकर, करिअर मार्गदर्शन कमिटी, गुरुवार रात्री

लातूरकर, अभिनंदन. तरी फॉर्म भरून पाठवा, वार्षिक अहवालात "कमिटीतर्फे मार्गदर्शन केलेले विद्यार्थी" या रकान्यात यंदा एकही नाव नाही.

---

उदगीरकर काका, शुक्रवार सकाळी

आमरसाचे सहा डबे मी आणतो. हापूस नाही, केशर. आणि यंदा त्याच्यात दूध कुणी घालू नका.