मदत हवी आहे : मेडिकल स्कूलच्या अर्जासाठी अभ्यासाबाहेरचा अनुभव

अपर्णा_एडिसन
नमस्कार. माझी मुलगी इथे न्यू जर्सीत जीवशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये तिला मेडिकल स्कूलसाठी अर्ज करायचा आहे. जीपीए (गुणांची सरासरी, ४ पैकी) ३.८५ आहे आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेची तयारीही सुरू झाली आहे. परंतु महाविद्यालयातील सल्लागार बाईंनी परवा स्पष्ट सांगितले की, रुग्णांमध्ये वावरण्याचा अनुभव नसेल तर नुसत्या गुणांवर निभाव लागणार नाही. तेव्हापासून आम्ही बारा डॉक्टरांना शॅडोइंगसाठी (सोबत राहून त्यांचे काम पाहण्यासाठी) लिहिले आणि एकाचेच उत्तर आले. एका ठिकाणी स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेणारी मदतनीस) म्हणून निवड झाली होती, पण अगदी शेवटच्या टप्प्यावर नकार आला. सोळा महिने उरले आहेत. कोणते काम, किती तास आणि कुठून सुरुवात करावी, हे कृपया नेमके सांगावे. ‘आवडेल ते करू द्या’ हा सल्ला आम्ही पुष्कळ ऐकला आहे.

सह्यकडा
अपर्णाताई, नेमके सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. आतापर्यंत तिने काय काय केले आहे? अर्ज न्यू जर्सीपुरता आहे की सर्वत्र? आणि स्क्राइबच्या कामाला शेवटी नकार कोणत्या कारणाने आला? निवड झाल्यावर नकार सहसा कागदपत्रांच्या पडताळणीत येतो, म्हणून विचारतो.

मुळामुठा
माझ्या मते तिकडच्या या सगळ्या धावपळीपेक्षा भारताचा विचार करावा. इथे नीट परीक्षेच्या ७२० गुणांवर प्रवेश ठरतो. कुठे सेवा केली, कोणत्या डॉक्टरांमागे उभे राहिलात, हे कोणीही विचारत नाही. माझ्या भाच्याने दोन वर्षे मान मोडून अभ्यास केला आणि तो आज शासकीय महाविद्यालयात आहे.

अपर्णा_एडिसन
मुळामुठा, आपल्या भाच्याचे अभिनंदन, परंतु ती पदवीच्या मध्यावर आहे आणि तिला इथेच शिकायचे आहे. कृपया मूळ प्रश्नावर लिहावे.

प्रयोगशाळा_१७
मी स्वतः या वाटेने गेलो आहे, म्हणून ठामपणे सांगतो : संशोधन. प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे टिकून काम केले, एखाद्या परिषदेत पोस्टर मांडले, की शिफारसपत्रही भक्कम मिळते. रुग्णालयात चादरी बदलून आणि चाकांच्या खुर्च्या ढकलून विद्यार्थ्याची बुद्धी दिसत नाही.

रात्रपाळी
याच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. मी बावीस वर्षे इथल्या रुग्णालयात परिचारिका आहे. ज्या मुलीने वेदनेने कळवळणाऱ्या माणसाशेजारी कधी तासभर काढलेला नाही, तिला हे काम आयुष्यभर करावेसे वाटेल की नाही, हे तिलाही ठाऊक नसते आणि निवड करणाऱ्यांनाही कळत नाही. चाकांची खुर्ची ढकलताना रुग्ण जे बोलतो, ते डॉक्टरांच्या खोलीत बोलत नाही. तिने नर्सिंग असिस्टंटचे प्रमाणपत्र घ्यावे आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहात पगारी नोकरी धरावी.

प्रयोगशाळा_१७
रुग्णसेवा नको असे मी म्हटलेले नाही. ज्या स्कूलचा भर संशोधनावर आहे, तिथे संशोधन जोडीला असावेच लागते, एवढेच माझे म्हणणे. चादरींविषयी लिहिले ते अनुदार होते, मागे घेतो.

सह्यकडा
अपर्णाताई, माझ्या प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत. त्यांच्याशिवाय पुढचे सल्ले हवेत राहतील.

अपर्णा_एडिसन
क्षमस्व, दिवसभर कामावर होते. तिने दोन सत्रे प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत विनामोबदला काम केले आहे. रुग्णालयाचा अनुभव एका सुट्टीतल्या पंधरा तासांचा आहे. अर्ज जिथे जमेल तिथे करायचा आहे. स्क्राइबचा नकार कामाच्या परवान्यावरून आला. आम्ही एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराचा आणि २१ वर्षांखालील मुलांचा व्हिसा) आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत बरीच वर्षे आहोत. पुढच्या जानेवारीत तिला २१ वर्षे पूर्ण होतील. पण हे तर इथल्या किती तरी मराठी कुटुंबांचे आहे, म्हणून वेगळे लिहिले नाही. उन्हाळ्यात सांगलीला भावाच्या रुग्णालयात तिला तीन महिने पाठवण्याचा विचार आहे. तिथे तो तिला इंजेक्शन देणे, टाके घालणे असे प्रत्यक्ष काम शिकवायला तयार आहे.

सह्यकडा
ताई, पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवे होते ते हेच. एच-४ वरील मुलांना नोकरी करता येत नाही. एच-४ वरचा कामाचा परवाना काही अटींवर फक्त जोडीदाराला मिळतो. त्यामुळे रात्रपाळीताईंनी सुचवलेली पगारी नोकरी आणि स्क्राइबचे काम दोन्ही बाद होतात. २१ पूर्ण होण्याआधी तिला बहुधा एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर जावे लागेल, आणि त्यावर शिक्षणसंस्थेच्या आवारातील काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येते, पण बाहेरची नोकरी तशी करता येत नाही. वकिलाची भेट आजच ठरवा.

याहून मोठी गोष्ट अशी की, व्हिसा एच-४ असो वा एफ-१, बरीच मेडिकल स्कूल, विशेषतः सरकारी, फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. काही खासगी स्कूल इतरांचेही घेतात, परंतु त्यांपैकी काही ठिकाणी एक किंवा अधिक वर्षांचे शुल्क आधीच जमा ठेवावे लागते. एएएमसी या मेडिकल स्कूलांच्या संघटनेच्या एमएसएआर या माहितीकोशात प्रत्येक स्कूलपुढे हे नोंदलेले असते. तासांची मोजदाद करण्याआधी ती यादी काढा.

गोदाकाठ
स्क्राइबचे तेच काम पगार न घेता केले तर चालणार नाही का? पैसेच न घेतल्यावर हरकत कोण घेईल?

सह्यकडा
नाही, ही समजूत धोक्याची आहे. ज्या कामाला एरवी पगार दिला जातो, ते नुसते ‘स्वयंसेवा’ म्हणवून फुकट केले तरी परवान्याविना केलेली नोकरी ठरू शकते. ना-नफा संस्थेतील जी जागा मुळातच स्वयंसेवकांची आहे, तीच निवडावी.

रात्रपाळी
व्हिसाचे माझ्या लक्षात आले नव्हते. मग हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार पगारी कर्मचारी रुग्णसेवेत जितके तास देतात, त्याच्या किमान ५ टक्के इतके काम हॉस्पिसला स्वयंसेवकांकडून करून घ्यावेच लागते, म्हणून तिथे माणसे कायम हवी असतात. आधी प्रशिक्षण, क्षयरोगाची तपासणी, लसींच्या नोंदी आणि पार्श्वभूमीची चौकशी होते, त्यात काही आठवडे जातात. आज चौकशी केली तर एखाद-दोन महिन्यांत सुरुवात होईल. आमच्या गावातले एक आजोबा अखेरच्या दिवसांत इंग्रजी विसरले होते, फक्त गुजराती बोलत. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलणारी विद्यार्थिनी आली की ते जेवत. तुमच्या मुलीला मराठी-हिंदी येत असेल तर एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या परिसरात ती गोष्ट लहान नाही.

डोंगरवाट
न्यू जर्सीत गावोगावी स्वयंसेवी प्रथमोपचार पथके आहेत, ती विसरू नका. ईएमटीचे (रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन सेवकाचे) प्रशिक्षण दीडशेहून अधिक तासांचे असते, आणि पथकात रुग्णवाहिकेवर विनावेतन पाळ्या करता येतात. माझ्या मुलाने केले. मध्यरात्रीच्या हाकेला धावून जाणे काय असते, ते त्यातून कळते.

रात्रपाळी
ईएमटी चांगलेच आहे, पण प्रशिक्षण, एमकॅट आणि तिसरे वर्ष एकत्र आले तर गुण घसरतील. सोळा महिन्यांत मी हॉस्पिसच निवडेन.

डोंगरवाट
माझ्या मुलाचे गुण घसरले नाहीत. त्याने प्रशिक्षण उन्हाळ्यात उरकले.

शुश्रुत_कन्या
मी गेल्या वर्षी याच प्रक्रियेतून गेले आणि आता पहिल्या वर्षाला आहे. सांगलीबद्दल कळकळीने सांगते : मामांकडे जावे, पण इंजेक्शन आणि टाके यांना हात लावू नये. प्रशिक्षण नसताना परदेशात रुग्णांवर उपचार करू नयेत, अशी एएएमसीची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ‘मी टाके घातले’ असे अर्जात लिहिले तर वाचणाऱ्याला त्यात कौशल्य दिसणार नाही, त्या रुग्णाची संमती होती का, हा प्रश्न पडेल. दोन-तीन आठवडे शेजारी उभे राहून पाहावे आणि उरलेला उन्हाळा इथे घालवावा. इथल्या व्यवस्थेची ओळख इथेच होते.

किती तास, याला ठरलेला आकडा नाही. आठवड्याला ४ तास धरले तर ६० आठवड्यांत २४० तास होतात, आणि दोन महिन्यांत घाईने उरकलेल्या तेवढ्याच तासांपेक्षा ते कितीतरी वेगळे दिसतात. एएमकॅसच्या (मेडिकल स्कूलांसाठीच्या सामायिक) अर्जात जास्तीत जास्त १५ अनुभव लिहिता येतात, प्रत्येकी ७०० अक्षरांत. त्यांतील तीनपर्यंत ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडले की त्यांना आणखी १३२५ अक्षरे मिळतात. शॅडोइंगसाठी पत्र पाठवून थांबू नका. स्वतःच्या कौटुंबिक डॉक्टरांना समोरासमोर विचारा.

आणखी एक विचारते. ती रविवारी काय करते?

अपर्णा_एडिसन
रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवते. अकरावीत असताना सुरू केले, अजून चालू आहे. त्याचा वैद्यकाशी काही संबंध नाही, म्हणून लिहिले नाही.

शुश्रुत_कन्या
काकू, तिच्या अर्जातला सर्वांत जुना आणि सर्वांत अखंड अनुभव तोच असेल! शाळकरी वयात सुरू झालेला असला, तरी महाविद्यालयातही चालू असल्यामुळे तो लिहिता येतो. न समजणाऱ्या मुलाला तीच गोष्ट पाच तऱ्हांनी सांगणे, रुसलेल्याला समजावणे, पालकांशी बोलणे, हे डॉक्टरला रोज करावे लागते. माझ्या मुलाखतीत रुग्णालयापेक्षा जास्त प्रश्न मी चालवलेल्या वाचनवर्गावर आले होते. एमकॅटपायी तो रविवार मात्र सोडू देऊ नका.

प्रयोगशाळा_१७
आणि प्रयोगशाळाही सोडू नये. दोन सत्रे म्हणजे नुकती कुठे सुरुवात.

अपर्णा_एडिसन
सर्वांचे मनापासून आभार. काल लेक आणि मी बसून सगळे वाचले. वकिलांची वेळ मंगळवारी मिळाली आहे. घराजवळच्या हॉस्पिसचे प्रशिक्षण पुढच्या महिन्यातल्या दोन शनिवारी आहे, त्यासाठी तिने स्वतः फोन करून नाव नोंदवले. सांगली तीन आठवडे, आणि भावाला कडक सूचना दिल्या आहेत. शाळेबाबत एक शंका उरते : आमच्या मुख्याध्यापिका पत्र मराठीतच लिहितात, ते चालेल का?

शुश्रुत_कन्या
त्या नोंदीसाठी पत्र लागत नाही. खात्री करून देऊ शकेल अशा व्यक्तीचे नाव आणि फोन किंवा ईमेल पुरतो. तारखा आणि तास मात्र त्यांच्याकडच्या हजेरीशी आताच ताडून लिहून ठेवा, कारण चार-पाच वर्षांपूर्वीचा महिना जूनमध्ये कोणालाच आठवत नाही.