ज्येष्ठांमधली सामाजिक दुर्बलता: टक्केवारीत एवढी तफावत का?

सर्वेक्षण_गट
65 वर्षांवरच्या लोकांमध्ये सामाजिक दुर्बलता, म्हणजे माणसांशी संपर्क आणि आधार कमी होत जाणं, किती आहे, हे मोजायचं आहे. वाचावं तिथे आकडा वेगळा: कुठे 8 टक्क्यांच्या आत, कुठे 20च्या आसपास. नमुना काढताना कोणता धरायचा? आणि प्रश्नावली कोणती?

जराविज्ञान
तफावत बरीचशी प्रश्नावलीमुळे पडते. जपानमध्ये 5 प्रश्न वापरतात: गेल्या वर्षीपेक्षा बाहेर जाणं कमी झालंय का, मित्रमंडळींकडे कधीमधी जाता का, आपला कुणाला उपयोग होतो असं वाटतं का, एकटे राहता का, रोज कुणाशी तरी बोलणं होतं का. प्रतिकूल उत्तराला 1 गुण. 1 आला तर दुर्बलतेची पूर्वावस्था, 2 किंवा जास्त आले तर दुर्बलता. 2015च्या तिथल्या अभ्यासात ती 11.1 टक्के निघाली. चीनमधल्या 5 प्रश्नांच्या मोजपट्टीत पैशांची ओढाताण आणि एकटेपणाची भावनाही येते, पण तिथे 3 गुण लागतात, आकडा 7.7 टक्के. अनेक अभ्यास एकत्र केले की साधारण 5 जणांमागे 1 असं प्रमाण येतं.

तुम्ही 20 टक्के धरा. 95 टक्के विश्वासपातळी आणि ±5 टक्के चूक चालणार असेल तर 246 जण पुरतात. 15 टक्के लोक प्रतिसाद देणार नाहीत असं धरलं तर 290 जणांना गाठा. सगळीकडून न निवडता काही वस्त्याच निवडून तिथल्या लोकांना घेणार असाल तर आधी 246ला 1.5ने गुणा.

गृहभेट
आकडा खरा बिघडतो तो घराच्या दाराशी. ‘गेल्या वर्षीपेक्षा’ हा प्रश्न नीट बघा. तीन वर्षं घरातच असलेला माणूस ‘नाही, तेवढंच आहे’ म्हणतो आणि त्याचा गुण शून्य पडतो. म्हणून ‘आठवड्यातून किती दिवस बाहेर पडता?’ हे वेगळं विचारून ठेवा, पण गुणांत मिळवू नका.

दुसरं, मुलगा-सून शेजारी बसली की ‘रोज बोलतो की आम्ही’ हे उत्तर तीच देतात. ‘गोळी घेतली का?’ एवढंच विचारणं म्हणजे बोलणं नव्हे. मुलाखत एकट्याचीच घ्या. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून, सावकाश, मोठ्या अक्षरांतला कागद हातात देऊन विचारा. नाहीतर माणूस नुसती मान डोलावतो. आणि कृपा करून विरंगुळा केंद्रात नमुना गोळा करू नका. तिथे येऊ शकतो त्याचा प्रश्न बराचसा सुटलेलाच असतो.

सर्वेक्षण_गट
एकटं राहणाऱ्याला आपोआप दुर्बल धरायचं का?

जराविज्ञान
नाही. जपानी प्रश्नावलीत तेवढ्यावरून त्याचा 1च गुण, म्हणजे पूर्वावस्था. उलट भरल्या घरात राहूनही कुणाशी बोलणं नाही आणि आपला काही उपयोग नाही असं वाटतं, त्याचे 2 होतात. अहवालात एकूण टक्केवारीबरोबर प्रत्येक प्रश्नाची टक्केवारी वेगळी द्या. मदत काय करायची, ते त्यावरूनच ठरतं.