टोल दरवर्षी वाढतो, पण भाड्यात तो दिसतो कुठे?

(ट्रकवाले आणि माल पाठवणारे यांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बिल्टीबुक

१ एप्रिल आला की राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल वाढतो आणि ट्रकवाल्यांत एकच मागणी सुरू होते: टोल कमी करा. मागणी चुकीची नाही. पण एक-दोन गाड्यांच्या मालकाचं कंबरडं मोडतं ते दरापेक्षा भाडं ठरवायच्या पद्धतीमुळे, असं माझं ठाम मत आहे. भाडं उक्तं (सगळं मिळून एकरकमी) ठरतं, टोल त्यातच धरलेला असतो आणि वाढलेला टोल गाडीवाल्याच्या अंगावर पडतो.

हिशोब मांडतो. चारपदरी राष्ट्रीय महामार्ग असेल आणि वाटेत मोठा पूल किंवा बोगदा नसेल, तर २०२५-२६ च्या दराने तीन ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) दहा चाकी गाडीला किलोमीटरला साधारण साडेपाच रुपये पडतात. ५०० किलोमीटरला झाले २,७०० च्या आसपास. त्यावर ४-५ टक्के वाढ म्हणजे सव्वाशे रुपये. आता भरलेल्या गाडीला लिटरमागे ४ किलोमीटरचं ॲव्हरेज धरा. ५०० किलोमीटरला १२५ लिटर डिझेल लागतं. म्हणजे टोलची एका वर्षाची वाढ ही डिझेल लिटरमागे एक रुपयाने महागण्याइतकीच आहे. डिझेल वाढलं तर मोठ्या पार्ट्यांच्या (माल पाठवणाऱ्यांच्या) करारात भाडं वाढवायचं कलम असतं. टोलसाठी असं कलम क्वचितच सापडतं.

माझी सूचना: बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) भाडं वेगळं आणि टोल वेगळा लिहा. टोल फास्टॅगच्या स्टेटमेंटप्रमाणे, जेवढा कापला तेवढाच. टोल कमी होवो न होवो, त्याचा भार ज्याचा माल आहे त्याने उचलावा.

दहाचाकी

असहमत. हे ज्यांचे कंपन्यांशी वर्षाचे करार आहेत त्यांना जमेल. बाकीच्यांचं भाडं ब्रोकरच्या फोनवर ठरतं. "एवढे हजार, लावायची तर लाव, नाहीतर मागे चार गाड्या उभ्या आहेत." टोल वेगळा मागितला तर ब्रोकर तेवढाच आकडा मूळ भाड्यातून कमी करेल आणि बेरीज जिथल्या तिथे राहील. परतीच्या मालाला तर बोलायची सोयच नसते. डिझेल निघालं तरी गाडी भरून आणतात.

आणि तुम्ही फक्त राष्ट्रीय महामार्गाचा दर धरला. समृद्धीवर १ एप्रिल २०२५ पासून तीन ॲक्सलला किलोमीटरला ७.६० आणि चार ते सहा ॲक्सलला १०.९३ रुपये झाले. ती वाढ एका झटक्यात १९ टक्के होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ ला लागू झालेला तीन ॲक्सलचा दर १,६३० रुपये. अंतर ९५ किलोमीटरच्या आत, म्हणजे किलोमीटरला १७ रुपयांच्या वर. मुंबईच्या पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना माफी मिळाली, ट्रक तिथे अजून पैसे भरतो. ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये आला, तोही फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला. सवलत द्यायची वेळ आली की व्यावसायिक गाडी दरवेळी यादीबाहेर. म्हणून आधी दर, मग बाकीचं.

रस्तेगणित

दराबद्दल बोलायचं तर सूत्र बघूनच बोलावं. राष्ट्रीय महामार्गांचे दर २००८ च्या शुल्क नियमांनी ठरतात. २००७-०८ चे मूळ दर किलोमीटरला असे: कार ०.६५, दोन ॲक्सलचा ट्रक २.२०, चार ते सहा ॲक्सल ३.४५. तीन ॲक्सलचा २.४० हा गट नंतर जोडला. दरवर्षी मूळ दरात ३ टक्के वाढ होते, तीही चक्रवाढ नाही. त्यावर घाऊक किंमत निर्देशांक जितका वाढला त्याच्या ४० टक्के. या सगळ्याचा गुणाकार केला तर १८ वर्षांत दर सव्वादोन पटींच्या किंचित वर गेला. दिल्लीत २००८ च्या सुरुवातीला डिझेल ३०-३२ रुपये होतं. ते त्याहून जास्त पटींनी चढलं.

दुसरी गोष्ट. रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. कारच्या ॲक्सलवर साधारण ६०० किलो असतात आणि ट्रकच्या मागच्या एकेरी ॲक्सलवर कायद्याने ११.५ टन चालतात. भार १९ पट, झीज लाखाच्या वर पटींनी. टोल मात्र चार-सहा ॲक्सलच्या गाडीलाही कारच्या सव्वापाच पटच आहे. शिवाय ॲक्सलवर पासिंगपेक्षा (कायद्याने मान्य वजनापेक्षा) २० टक्के जास्त भार पडला की झीज दुप्पट होते.

टोल चुकवून जुन्या रस्त्याने जाणाऱ्यांनीही हिशोब करावा. ६० किलोमीटरच्या टप्प्याचा दहा चाकीला २०२५-२६ च्या दराने टोल ३२५ रुपये. जुना रस्ता ७० किलोमीटरचा, गावं आणि गतिरोधक धरून ॲव्हरेज ३.२ वर येतं. १५ लिटरच्या जागी जवळजवळ २२ लिटर डिझेल जळतं. लिटरला ९० धरले तर जादा डिझेललाच सहाशेच्या वर गेले. टायर, क्लच, वेळ यातलं काही धरलेलं नाही.

दोन_ॲक्सल

चौथ्या घाताचं गणित कारपाशी थांबवू नका, ट्रक-ट्रकमध्येही लावा. रस्त्याची जाडी ठरवताना अभियंते दुहेरी चाकांचा एकेरी ॲक्सल ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन, आणि जोड ॲक्सल (जवळजवळ बसवलेले दोन ॲक्सल) १४८ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५.१ टन, प्रमाण मानतात. दोन ॲक्सलच्या ट्रकचा मागचा ११.५ टनांचा ॲक्सल प्रमाणाच्या सुमारे ३.९ पट झीज करतो. दहा चाकीचा २१ टनांचा जोड ॲक्सल सुमारे ३.७ पट. म्हणजे पूर्ण भरलेल्या दोन्ही गाड्यांची झीज जवळपास सारखीच, पण दहा चाकी सात टन माल जास्त नेते. मग तिला वरचा गट कशासाठी?

टनामागे बघितलं तर उलटी तऱ्हा दिसते. दोन ॲक्सलची १८.५ टन पासिंगची गाडी साडेअकरा टन माल नेते. २०२५-२६ च्या दराने टोल किलोमीटरला ५ रुपये, म्हणजे टनामागे ४३ पैसे. दहा चाकीला २९-३० पैसे. ५५ टनांचा सहा ॲक्सलचा ट्रेलर ३९ टन नेत असेल तर त्याला २० पैसे. ज्याच्याकडे एकच छोटी गाडी आहे तोच टनामागे सगळ्यात जास्त टोल भरतो. एवढी तफावत असताना छोटी गाडी लांबच्या भाड्यात टिकणार कशी?

आणि रिकाम्या गाडीचं काय? दहा चाकी खाली असताना साडेनऊ-दहा टनांची असते. रस्त्याला तिचा त्रास नगण्य, टोल मात्र भरलेल्या गाडीइतकाच. नाक्यांवर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे बसवले आहेत. ओव्हरलोडला दंड लावायला ते चालतात, तर रिकाम्या गाडीला सूट द्यायलाही चालायला हवेत.

रस्तेगणित

रिकाम्या गाडीचा मुद्दा मान्य. पण वजनावर टोल लावला तर भरलेल्या गाडीचा दर वाढेल, हेही धरून चाला. एकूण वसुली तेवढीच ठेवायची तर दुसरा मार्ग नाही.

माल_पाठवणारा

पार्टीची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. टोल "जेवढा कापला तेवढा" द्यायचा तर तीन अडचणी आहेत. एक, मार्ग कोणाचा? दोन ठिकाणांमध्ये जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग असे दोन पर्याय असतील तर टोलचा फरक हजारांत जातो. चालकाने महागडा मार्ग धरला तर तो भार पार्टीने का सोसावा? दोन, त्याच स्टेटमेंटमध्ये दुसऱ्या पार्टीच्या परतीच्या मालाचा टोलही असतो. कुठून कुठपर्यंतच्या नोंदी माझ्या, हे ठरवणार कोण? तीन, जीएसटी. रस्ता वापरण्याच्या टोलवर जीएसटी नाही. पण तोच टोल वाहतूकदाराच्या बिलात वेगळ्या ओळीवर आला तरी वाहतूक सेवेच्या किमतीचा भाग धरला जाण्याची शक्यता मोठी आहे. मग ५ टक्के त्यावरही लागतो आणि रिव्हर्स चार्जमध्ये (सेवा घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीत) तो पार्टीच भरते. उक्तं भाडं सगळ्यांना सोपं पडतं, म्हणूनच ते टिकून आहे.

टॅगतपासणी

दर आणि भाडं यांच्या वादात हातातला पैसा सुटतो. तो आधी धरा.

टॅगचा वर्ग आरसीवरच्या ॲक्सलशी जुळतो का बघा. गाडी घेतल्यावर जुन्या मालकाचा टॅग तसाच ठेवला असेल तर घोळ होतोच. लेनमधल्या यंत्राने ॲक्सल जास्त मोजले, म्हणजे पुढची गाडी अगदी चिकटून गेली आणि दोन्ही मिळून एक गाडी मोजली गेली, की वरच्या गटाचा पैसा कापला जातो. नाक्यावरच्या फलकाचा फोटो, एसएमएस आणि आरसी घेऊन टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा, सोबत १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर नोंद करा. गाडी अड्ड्यावर उभी असताना दूरच्या नाक्यावर पैसे कापले गेले तर तिथे कोणीतरी हाताने नंबर चुकीचा टाकलेला असतो. अशा वेळी जीपीएसचा त्या वेळेचा लॉग सगळ्यात पक्का पुरावा.

टॅग चालू आहे, शिल्लक आहे, पण नाक्याचं यंत्र बंद आहे, तर राष्ट्रीय महामार्गावर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असा २०१८ पासून नियम आहे. रोख भरू नका, पावती मागा. १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमात शिल्लकच नसेल तर रोखीत दुप्पट आणि यूपीआयने भरलं तर सव्वापट असं ठरलं. ३२५ च्या नाक्यावर ६५० की ४०५-४१०, हा फरक चालकाला माहीत असायलाच हवा.

२४ तासांत त्याच नाक्यावरून परत आलात तर दोन्ही मिळून दीडपट लागतो. लांबच्या गाडीला याचा उपयोग नाही, कारण परतीचा माल मिळेपर्यंत दोन दिवस जातात. खडी, वाळू, सिमेंटच्या जवळच्या फेऱ्यांना मासिक पास बघा: ५० एकेरी फेऱ्या, दोन तृतीयांश दराने. सगळ्या फेऱ्या २४ तासांतल्या परतीच्या असतील तर महिन्याला ४५ वेळा नाका ओलांडल्यावरच पास परवडतो. एकेरी असतील तर ३४ पासून. नाक्याच्याच जिल्ह्यात नोंदलेल्या व्यावसायिक गाडीला निम्मा दरही आहे, पण नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याच्या परवान्याच्या) गाडीला नाही आणि पर्यायी रस्ता असेल तिथेही नाही.

दहाचाकी

नॅशनल परमिट वगळलं म्हणजे लांबचा सगळा ट्रक वगळला. सप्टेंबर २०२४ च्या उपग्रह टोलच्या (उपग्रहाने अंतर मोजून घ्यायच्या टोलच्या) नियमातही दिवसाला प्रत्येक दिशेला २० किलोमीटर माफ आहेत, त्यातूनही नॅशनल परमिट बाहेरच. आणि करातही वाढलेला टोल दाखवता येत नाही. छोटा मालक अंदाजे उत्पन्न दाखवतो (१९६१ च्या आयकर कायद्यात ते ४४एई कलम होतं): जड गाडीला पासिंगच्या टनामागे महिना १,००० रुपये. साडेअठ्ठावीस टनांच्या गाडीचं महिन्याचं उत्पन्न २८,५०० धरलं जातं, टोल दोन हजार भरा नाहीतर वीस हजार. रस्त्याचा खर्च वसूल झाल्यावर दर ४० टक्क्यांवर आणायची तरतूद २००८ च्या नियमांत होती, ती २०२३ च्या दुरुस्तीत काढून टाकली. माझा राग त्यावर आहे. ती परत आणा, एवढी एक मागणी धरली तरी पुरे.

बिल्टीबुक

ती मागणी रास्त आहे आणि मीही तिच्या बाजूने आहे. पण ती पूर्ण होईपर्यंतच्या एप्रिल महिन्यांचं काय करायचं?

माल_पाठवणारा यांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्यातल्या दोन तरी लिहून सुटतात. मार्ग बिल्टीवर आधीच लिहावा, म्हणजे महाग रस्त्याचा प्रश्न राहत नाही. माल भरल्याची आणि उतरवल्याची वेळ बिल्टीवर असतेच, टॅगच्या प्रत्येक नोंदीला नाक्याचं नाव आणि वेळ असते, तेवढ्यातल्याच नोंदी धराव्यात. जीएसटीचं मान्य, पण भाड्यात मिसळलेल्या टोलवरही तो ५ टक्के आज लागतोच आहे. नवा बोजा पडत नाही.

कलम असं लिहिता येईल: "टोल भाड्याव्यतिरिक्त. ठरलेल्या मार्गावरचा, माल भरल्यापासून उतरवेपर्यंतचा, फास्टॅग स्टेटमेंटप्रमाणे. दरबदल लागू झाल्या तारखेपासून आपोआप लागू. टॅगअभावी लागलेला जादा आकार आणि ओव्हरलोडचा दंड वाहनमालकाचा."

दोन_ॲक्सल

ज्या भागात परतीचा माल मिळत नाही तिथली गाडी रिकामी येते, त्या टोलचा निम्मा वाटाही यात धरा. नाहीतर कलम अर्धंच राहील.

माल_पाठवणारा

मार्ग लिहिलेला असेल तर भरलेल्या फेरीचा टोल वेगळा द्यायला हरकत नाही. रिकाम्या परतीचा निम्मा वाटा मात्र मान्य नाही. गाडी परत कुठून भरते यावर पार्टीचा काहीच ताबा नसतो.

दहाचाकी

कलमात पैसे कधी द्यायचे ते कुठे आहे? टॅगमधून टोल त्याच क्षणी जातो आणि भाड्याची बाकी पार्टी महिना-दीड महिन्याने सोडते. तोपर्यंत व्याज गाडीवाल्याचंच जातं. टोलची रक्कम गाडी भरतानाच, ॲडव्हान्सच्या वर, थेट टॅगमध्ये टाका. ते होणार नसेल तर माझं मत कायम: आधी दर कमी करा.