मदत हवी आहे: शनिवारी शाळा समितीची सभा, लाइटबिल भरायचं की पोरांची सहल?

रानजाई
आमच्या शाळेचं लाइटबिल थकलंय. सोमवारी वायर काढून नेली. समितीत दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते आधी बिल भरा, दुसरी म्हणते तीन वर्षं सहल नाही, यंदा तरी पोरं बाहेर काढा. मुख्याध्यापक दोघांनाही हो म्हणतात. शनिवारी सकाळी 9 ला सभा आहे, ठराव लिहायचाय. पैसे बँकेत पडलेत, ते सहलीला वापरता येतात का, एवढंच सांगा. लवकर.

खडूफळा
कुठले पैसे भाऊ? शाळा जिल्हा परिषदेची का खासगी अनुदानित? पट किती, कितवीपर्यंत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रानजाई
भाऊ नाही, ताई. समितीची अध्यक्ष आहे मी. जिल्हा परिषदेचीच शाळा, साताऱ्यातला माण तालुका, पहिली ते सातवी. पैसे म्हणजे दरवर्षी शाळेला येतात ते.

सूर्यफूल
सोलर बसवा, प्रश्न कायमचा मिटेल. आमच्या गावातल्या शाळेवर दोन वर्षांपूर्वी पॅनल बसलं, तेव्हापासून बिलाची कटकट नाही. या बिलांत पैसे घालणं म्हणजे फुटक्या माठात पाणी.

खडूफळा
शनिवारपर्यंत सोलर कुठून आणतील? ताई, पट राहिला सांगायचा.

रानजाई
98.

हिशेबनीस
मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, हे अनुदान वर्षानुवर्षं तपासलंय. तुम्ही म्हणता ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान असणार. 31 ते 100 पटाला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार. तुमचा पट तीननं कमी, म्हणून 25. हे पैसे वीज, पाणी, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती, अध्ययन साहित्य अशा खर्चाचे आहेत. सहल त्यात बसत नाही. ठराव केलात तरी लेखापरीक्षणात आक्षेप येईल आणि सही तुमची असेल. किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, ते केले का?

आणि पैसे बँकेत पडलेत हा गैरसमज काढा. शून्य शिल्लक खातं असतं, त्यावर खर्चाची मर्यादा मिळते. 31 मार्चपर्यंत वापरली नाही तर जाते.

रानजाई
मुलींच्या संडासाचे दरवाजे बसवले, 9,200 गेले. राहिले 15,800. बिल 14,300.

हिशेबनीस
मग प्रश्न मिटला. बिल भरा. सहल हा विषयच सभेपुढं आणू नका.

पाटीपेन्सिल
सर, मान ठेवून बोलते, पण हे पटत नाही. शिक्षण हक्क कायद्यात शाळा विकास आराखडा समितीनंच करायचाय. अनुदानात बसत नाही म्हणून विषयच आणू नका? मी दहा वर्षं वस्तीवरच्या शाळेत शिकवते. बिलं, भिंती, दाखले यांतच सभा संपतात आणि पोरांना काय हवंय हे कोणी विचारत नाही. समितीत दोन विद्यार्थी घेतात ते कशासाठी?

हिशेबनीस
विद्यार्थी घ्यावेत, ऐकावंही. पण वसुली निघाली तर ती मुख्याध्यापकाच्या पगारातून होते. मी होताना पाहिलीय.

दूरदेशी
इथं न्यू जर्सीत स्कूल बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं, बजेटवर जाहीर सुनावणी होते. शाळांसाठीच्या घरपट्टीच्या वाढीवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून दरवर्षी बँड ठेवायचा का बस, यावर पालक भांडतात. आपल्याकडंही असं व्हायला हवं.

खडूफळा
आपल्याकडं समितीत 75 टक्के पालकच असतात. ताई त्याच भांडणात बसल्यात.

नवपालक
खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव प्रवेशाचे अर्ज कधी सुरू होतात? मुलगा जूनमध्ये सहाचा होतो.

काळी माती
पट 98 म्हणजे नशीबवान आहात. आमच्याकडं 14 वर आलाय. 2023 साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा निघाली तेव्हापासून गावात धाकधूक आहे. सहल-संमेलन नसेल तर पालक पोरं इंग्रजीच्या पिवळ्या गाडीत बसवतात, मग बिल कोणाच्या शाळेचं भरणार?

रानजाई
विषय सोडू नका, हात जोडते. मला सहल का हवी ते सांगते. समितीत सातवीतली एक मुलगी आहे. मागच्या सभेला वहीचा कागद घेऊन आली, त्यावर पाचवी ते सातवीच्या 46 पोरांच्या सह्या, काही पेन्सिलीनं. म्हणाली, "आम्हाला कोयनेचं पाणी बघायचंय." आमच्याकडं मार्चपासून टँकर येतो. कोणी काही बोललं नाही. मग सरांनी बिलाचा विषय काढला.

आणि 26 जानेवारीला लेझीम बसवलंय. निम्म्या लेझमांच्या चकत्या गळाल्यात, पोरांनी साखळ्या सुतळीनं बांधल्यात, वाजतच नाहीत. त्यालाही पैसे नाहीत म्हणतात.

हिशेबनीस
हे आधी सांगायचं ना. सातवीपर्यंतच्या शाळेला क्रीडा साहित्याचे 10 हजारांपर्यंत वेगळे मिळतात. मुख्याध्यापकांना विचारा, आले का आणि कशावर गेले. तो हिशेब मागायचा समितीला हक्क आहे. लेझीम त्यातून घ्या.

पाटीपेन्सिल
बिलावरची वर्गवारीही बघा ताई. सरकारी शाळा सार्वजनिक सेवा या वर्गात हवी. आमच्या बिलावर किती तरी वर्षं व्यापारी दर लागत होता, कोणी वाचलंच नव्हतं. आणि सहलीसाठी एसटी शाळांना भाड्यात 50 टक्के सवलत देते. मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी, शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं लागतात. एका गाडीत तुमची 46 पोरं बसतील का, तेही विचारून घ्या. कोयनानगरला नेहरू उद्यान आहे, पहाटे निघालात तर एका दिवसात होतं. उरलेली रक्कम गावातून गोळा करा, पण पावती देऊन आणि ज्याला जमेल त्याच्याकडूनच. "पैसे नाहीत तर येऊ नको" असं एकाही पोराला ऐकावं लागता कामा नये.

काळी माती
ग्रामपंचायतीलाही धरा. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. संडासाचे दरवाजे त्यातून झाले असते तर तुमचे 9,200 वाचले असते. पुढच्या आराखड्यात शाळेचं काम ग्रामसभेतच लिहून घ्या.

रानजाई
सभा झाली. 14,300 चा ठराव एकमतानं झाला. बिलावर वर्ग व्यापारीच निघाला, सर सोमवारी अर्ज देणार आहेत. क्रीडाचे पैसे आलेत, त्यातून दोन व्हॉलीबॉल घेतले होते, बाकी शिल्लक आहेत. सहलीचा ठराव वेगळा लिहिला, गावातून जमवायचं ठरलं. सही करायला त्या मुलीलाही बोलावलं.

डेपोत पत्र कधी दिलं तर फेब्रुवारीत गाडी मिळेल? आणि म्हसवड किंवा दहिवडीकडं लेझीम दुरुस्त करणारं कोणी माहीत आहे का? 26 ला नऊच दिवस राहिलेत.