पांझरेकाठी जायचं तर कसं: धुळ्यातल्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी (ए-१०१): दिवाळीचा फराळ संपला, रस्तेही सुकले. चार-पाच घरांतून विचारणा झाली आहे की सकाळी पांझरा नदीकाठी चालायला आणि सायकलवर गटाने जायचं का. रस्ता, सायकल, तब्येत यातलं ज्यांना कळतं त्यांनी नेमकं लिहा. गुड मॉर्निंगची फुलं आज नकोत.

सी-३०२: त्यापेक्षा जिम लावा सरळ. नदीकाठी आहे काय? वास आणि डास.

आबा (बी-१०४, पाटबंधारे निवृत्त): वास सगळीकडे नाही भाऊ. नाले जिथे नदीत उतरतात तिथे येतो, आणि पाणी वाहतं असलं की तिथेही कमी. आते नदीमा पानी शे. मार्चनंतर वरून पाणी सुटलं नाही तर त्याच जागी डबकी उरतात, मग वास आणि डास दोन्ही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच नदीकाठचा खरा हंगाम. डास म्हणाल तर ते संध्याकाळी दिवेलागणीला. सकाळी ऊन वर आलं की त्रास नाही.

सी-३०२: बरं. मग जायचं कुठून कुठवर?

आबा (बी-१०४): पहिले पंधरा दिवस शहरातला नदीकाठचा रस्ताच. तो दोन्ही काठांनी आहे. एकवीरा मंदिराच्या बाजूने निघा, पूल ओलांडा आणि समोरच्या काठाने परत या. गेल्या वाटेनेच परतलं की लोक निम्म्यावरून वळतात. फेरा असला की पूर्ण होतोच. चैत्रात एकवीरेची यात्रा भरते, ते दिवस तेवढे या बाजूचा नाद सोडायचा.

दिशेचंही गणित आहे. नदी गावातून पश्चिमेकडून पूर्वेला वाहते. सूर्य उगवायच्या आत पूर्वेकडे जाऊन घ्या आणि उगवल्यावर पश्चिमेला तोंड करून परत या. उलट केलं तर परतताना ऊन डोळ्यांत. तुमच्या डोळ्यांचं सोडा, मागून येणाऱ्या रिक्षावाल्याच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं, त्याला पुढची सायकल दिसत नाही. सध्या सूर्योदय साधारण ६.४० ला आहे, म्हणजे ६.१० ला गेटवर.

मावशी (ए-२०३): पायी चालणाऱ्यांनी कोणत्या कडेने चालायचं? डावीकडे ना?

सायकलवाला भाऊ (सी-४०४): मावशी, फुटपाथ असेल तर फुटपाथवर. नसेल तर उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सायकल मात्र डावीकडूनच. दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत सायकल चालवायची नाही, एकामागे एक.

डॉक्टर वहिनी (बी-३०१): किलोमीटर मोजत बसू नका, मिनिटं मोजा. मोठ्या माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. पाच दिवस अर्धा अर्धा तास केला की १५० झाले. मध्यम जोर म्हणजे काय? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम. पावलांत सांगायचं तर मिनिटाला शंभर. रमतगमत, दर दहा पावलांवर उभं राहून फोटो, हे त्यात धरू नका.

ज्यांना सवय नाही त्यांनी पहिला आठवडा २० मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. पहिल्याच रविवारी दोन तास चालून सोमवारी पोटऱ्या धरून बसणं, याने माणसं कायमची सुटतात. आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम वेगळा लागतो. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, एवढ्याने सुरुवात होते. चालण्याने ते काम होत नाही.

मावशी (ए-२०३): शुगरवाल्यांनी उपाशीपोटी निघावं की खाऊन?

डॉक्टर वहिनी (बी-३०१): इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी नको. अर्धी भाकरी-दूध किंवा एक केळ खाऊन निघा आणि डोसाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवायची. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की बसायचं, साखर तोंडात टाकून पाणी प्यायचं. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत तेवढीच. बिस्किटाचा पुडा या कामाचा नाही, त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. बरं वाटल्यावर बिस्किट खा.

चप्पल घालून येऊ नका. पायाची संवेदना कमी असेल तर काटा टोचलेला कळत नाही आणि जखम आठवड्याने दिसते. मोजे, बंद बूट, घरी आल्यावर तळवे बघायचे. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काहीही झालं तर थांबा आणि १०८ ला फोन लावा. 'घरापर्यंत तरी जाऊ' हे नको.

सी-३०२: आणि परतताना कचोरी?

डॉक्टर वहिनी (बी-३०१): सत्तर किलोच्या माणसाचे पाच किलोमीटर चालण्यात २५० ते ३०० कॅलरी जातात. कचोरी खा, पण मग वजन का उतरत नाही म्हणून माझ्याकडे येऊ नका.

बी-२०२: माझी सायकल सात-आठ महिने पार्किंगमध्ये उभी आहे. हवा भरली की झालं ना?

सायकलवाला भाऊ (सी-४०४): नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पार्किंगमध्ये उभ्या सायकलचं रबर सुकतं. टायरच्या कडेला बारीक भेगा आहेत का बघा. कापडाचे धागे दिसत असतील तर टायर बदला. ब्रेकची रबरं गुळगुळीत झाली असतील तर तीही. चेनवर जुनं काळं तेल थापलेलं असेल तर रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसा, कोरडी करा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पाच मिनिटं पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. पुसलं नाही तर नदीकाठची धूळ त्यावर बसून सँडपेपरसारखी चेन खाते. ग्रीस तर अजिबात नको.

मग सीट. जवळजवळ सगळ्यांची सीट खाली असते, कारण पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं वाटतं. गुडघे त्यानेच दुखतात. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो हवाच. गुडघा पुढून दुखला तर सीट वर, मागून दुखला तर सीट खाली, एका वेळी अर्धा सेंटिमीटर. दांडा कमीत कमी किती आत राहिला पाहिजे याची खूण त्यावर असते, त्याच्या वर दांडा काढायचा नाही.

हवेचं सांगतो. जाड टायरच्या २६ इंची सायकलला डांबरी रस्त्यावर ४० पीएसआय (पंपावरचं दाबाचं माप), कच्च्या रस्त्याला ३५. मध्यम टायरच्या हायब्रिडला ५५ ते ६५. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याच्या पुढे नाही.

बी-२०२: आपल्याकडे पंक्चर फार होतात म्हणे.

सायकलवाला भाऊ (सी-४०४): होतात, आणि आत्ताच्या महिन्यांत जास्त. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला गोखरू पसरतं आणि आता त्याचे काटे वाळून कडक झालेत. दुसरी वेडी बाभूळ. तिच्या फांद्या तोडून शेताला कुंपण करतात, वाहून नेताना तुकडे रस्त्यावर पडतात. म्हणून डांबराची अगदी कड धरून चालवू नका, हातभर आत राहा.

पंक्चर काढताना चुकतं कुठे ते नीट वाचा. लोक ट्यूब चिकटवतात, पण काटा टायरमध्येच राहतो, मग शंभर मीटरवर पुन्हा पंक्चर. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवायचा, अडकला की तिथे काटा. बोट फिरवू नका, बोटात घुसेल. ट्यूबला हवा भरून पाण्यात धरा, बुडबुडे येतील तिथे पेनने खूण. एकच भोक सापडलं म्हणून थांबायचं नाही, गोखरू तीन-चार तरी करतं. सँडपेपरने पॅचपेक्षा मोठी जागा घासा, चकाकी गेली पाहिजे. सोल्युशनचा पातळ थर, मग तीन ते पाच मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सुटतो, निम्मे पॅच त्यामुळेच जातात. आणि एकदा उघडलेली सोल्युशनची नळी दोन-तीन महिन्यांत आत वाळून बसते. निघण्याआधी दाबून बघा.

दोन भोकं शेजारी शेजारी असतील तर तो काटा नाही. हवा कमी होती आणि चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं, असं समजा.

सोबत काय हवं: एक चांगली ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप, पाच नंबर ॲलन की, आणि चाकाला नट असतील तर पंधरा नंबर पाना. रस्त्यावर ट्यूब बदलायची, पॅच घरी निवांत.

ए-४०३: शहराबाहेर सुट्टीच्या दिवशी कुठे जाता येईल? नकाणे तलाव?

आबा (बी-१०४): नकाणे चांगला, थंडीत पक्षी असतात. पण ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे. तिथे सायकल धुणं, निर्माल्य टाकणं नको. तलावाच्या पाळेवर चालायचं तर माथ्यावरून, पाण्याकडच्या उतारावरच्या दगडांवरून नाही. ते दगड हलतात आणि त्यांच्या फटीत साप बसतात.

दुसरी दिशा न्याहळोदकडची, नदी खाली तापीकडे जाते त्या अंगाला. ती सायकलवाल्यांनीच करावी आणि सवय झाल्यावर. पार मुडावदला पांझरा-तापी संगमापर्यंत जायचं मनात असेल तर ते एका सकाळचं काम नाही.

ए-४०३: आणि वरच्या बाजूला नेरकडे?

आबा (बी-१०४): सुरत रस्त्याने नको. ट्रक-ट्रेलरच्या शेजारून सायकल चालवून तब्येत सुधारत नसते. वरच्या अंगाला पाटाच्या कडेच्या वाटा आहेत, पण तिथे आधी गावात विचारायचं. पांझरेवर जुने फड बंधारे आहेत. त्यांचं पाणी शेतकरी स्वतः वाटून घेत आले, पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या नेमून. पाटाची कड तुडवली की फुटते आणि मग ज्याच्या शेताला पाणी कमी पडतं तो ओरडणारच. रब्बीचं पाणी सुटलं असेल तेव्हा ती वाट सोडा, कड आतून भिजून पोकळ झालेली असते.

जाता जाता सांगतो. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीचं काम त्यांना आपल्याच पांझरेवर मिळालं होतं, साक्री तालुक्यात दातर्तीला पाइप सायफन, म्हणजे पाटाचं पाणी नळातून पलीकडे नेणारं बांधकाम, बांधायचं. पोरांना दाखवायला न्या कधी. पण गाडीने.

सायकलवाला भाऊ (सी-४०४): पाऊस पडून गेल्यावर कच्च्या रस्त्याने किती दिवस जायचं नाही तेही सांगा आबा.

आबा (बी-१०४): मुरमाचा रस्ता दुसऱ्या दिवशी चालतो. काळी माती तीन-चार दिवसांचं कडक ऊन मागते. मूठभर माती दाबा. गोळा झाला तर घरी जा, भुगा झाला तर पुढे. ओल्या काळ्या मातीत सायकल घातली की ती मडगार्ड आणि चाकाच्या मधे भरते, पन्नास पावलांत चाक फिरायचं थांबतं, मग सायकल खांद्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर ओलांडायची नाही. घोट्याएवढं असलं तरी नाही. खाली शेवाळ असतं आणि फरशीची कड कुठे संपते ते दिसत नाही. पावसाळ्यात धुळ्याला लख्ख ऊन आणि तिकडे पिंपळनेर-साक्रीला धो धो, असं होतं. पूर इथे कोरड्या आभाळाखाली येतो. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. अक्कलपाडा धरणातून विसर्ग वाढवणार असल्याची सूचना आली की त्या दिवशी काठावरचा फेराही बंद. सेल्फीसाठी पुलावरही नको.

आणि पात्रात उतरायचं नाही. वाळू उपशाचे खड्डे पाण्याने भरलेले असतात. वरून गुडघाभर वाटतं, आत पुरुषभर खोल.

ए-२०१: पहाटे वाळूचे ट्रॅक्टरपण असतात ना?

सायकलवाला भाऊ (सी-४०४): असतात, कधी दिवे न लावता. म्हणून उजाडायच्या आत कच्च्या रस्त्यावर जायचंच नाही. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, अंगात फिकट रंगाचा शर्ट. आणि कानात हेडफोन असेल तर मागचा ट्रॅक्टर ऐकू येणार नाही.

ए-२०१: कुत्री?

सायकलवाला भाऊ (सी-४०४): ती पळत्या चाकामागे लागतात. उतरा, सायकल मधे धरा आणि पाठ न दाखवता हळू चाला. बहुतेक वेळा तीस-चाळीस पावलांवर त्यांची हद्द संपते. जोरात पळवू नका.

डॉक्टर वहिनी (बी-३०१): आणि चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची, त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन लस. हळद-मिरची भरू नका.

मावशी (ए-२०३): आम्हा बायकांचं वेगळं. त्या रस्त्याला स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका, म्हणून आमचा फेरा पाऊण तासाच्या वर नको. आणि चौघींपेक्षा कमी असलो तर जायचं नाही, असं ठरवू.

सेक्रेटरी (ए-१०१): मान्य. रविवारी ६.१० ला गेट. चालणारे आणि सायकलवाले वेगळे निघतील. माणशी अर्धा लिटर पाणी आपापलं. कोन कोन येस, हात वर करा.

ए-४०३: मी बी येस. दोघं.

बी-२०२: येतो, सीट वर करून.

मावशी (ए-२०३): आम्ही पाच जणी. वांगी निघालीत, महिनाअखेरीला नकाण्याला भरीत करू. काड्या-गवऱ्या मी बघते, पण विस्तव विझवायची आणि पत्रावळी परत आणायची जबाबदारी पुरुषांची.

सी-३०२: मोठा पंप आहे माझ्याकडे, खाली आणतो. पण त्याचं तोंड सगळ्या सायकलींना बसेल का?

सायकलवाला भाऊ (सी-४०४): मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर थेट बसेल. हायब्रिडच्या बारीक लांब व्हॉल्वला आधी टोकाचा छोटा नट ढिला करून एकदा दाबावा लागतो, आणि पंपाच्या तोंडातलं रबर उलटं करून बसवावं लागतं. आबांच्या जुन्या काळ्या सायकलचा व्हॉल्व तिसऱ्याच जातीचा आहे, त्याला पितळी ॲडॅप्टर लागेल. पंक्चरवाल्याकडे मिळतो, शनिवारी संध्याकाळीच घेऊन या.